फ्रेंच माणूस उतरून का उभा आहे

बहारीनमधल्या हमद टाउनच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला गेलो, तेव्हा हॉलमध्ये एक फ्रेंच माणूस आधीच उभा होता. भिंतीवर, काचेच्या आत. आमच्या आधीचा भाडेकरू फ्रेंच इंजिनिअर होता. तो देश सोडून गेला आणि जाताना याला मागे ठेवून गेला. मी घरमालकाला फोन केला, की तुमचं एक चित्र राहिलंय. तो म्हणाला, "माझं नाही. तुझंच समज. खलास." असा तो आमच्या पदरात पडला.

माणूस ऐटबाज होता. मिशांना दोन्ही बाजूंनी पीळ, डोक्यावर चपटी टोपी, अंगात घट्ट कोट, आणि खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी नि पट्ट्यापट्ट्यांचे लांब मोजे. शेजारी त्याची सायकल. पुढचं चाक त्याच्या छातीला लागेल एवढं, मागचं पुरणपोळीएवढं. एक हात सायकलवर, दुसरा कमरेवर, मान ताठ. मागे चार झाडं आणि एक मोकळा रस्ता, ज्याच्याकडे त्याचं अजिबात लक्ष नव्हतं. खाली फ्रेंचमध्ये दोन ओळी होत्या, त्या आम्हाला कधीच वाचता आल्या नाहीत.

मी तेव्हा अस्करजवळच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. माझा इंग्रज सुपरवायझर एकदा जेवायला आला. बायकोने वऱ्हाडी रस्सा केला होता. दुसऱ्या घासाला साहेबाच्या कानातून धूर निघाला आणि पाणी पिऊन जरा वेळ उभं राहावं म्हणून तो भिंतीकडे गेला. तिथे चित्राला नाक लावून म्हणाला, की हा लिथोग्राफ आहे, एकोणिसाव्या शतकातला. दगडावर चित्र काढून त्यावरून छापतात. म्हणजे आपली शिळाछाप. साहेबाने पुन्हा कधी जेवायचं नाव काढलं नाही, पण ही माहिती मात्र देऊन गेला.

तो सायकलवर बसलेला का नाही, हा आमच्या घरातला जुना वाद. बायकोचं मत, त्याला चढताच येत नसणार. "चित्र काढून घेतलं नि गेला पायीपायी घरी. तुमच्या त्या व्यायामाच्या मशीनसारखं." (मशीन तेव्हा हॉलमध्ये कपडे वाळत घालायला वापरत होतो.) दहा वर्षांची लेक मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. ती म्हणाली, "ही इज जस्ट पोजिंग, पप्पा." माझं मत तांत्रिक होतं. मला त्या सायकलला धड ब्रेक दिसत नव्हता. हा उतरलेला नाही, पडलेला आहे, आणि नुकताच कपडे झटकून उभा राहिलाय. पडून उठलेला माणूसच इतक्या ऐटीत उभा राहतो.

त्या वर्षी सुट्टीवरून येताना मी बाबासाहेबांची मोठी तसबीर आणली. सगळ्या घरात भक्कम हुक एकच होता, फ्रेंच इंजिनिअरने ड्रिल मारून बसवलेला. बाकीची भिंत काँक्रीटची. खिळा ठोकला की खिळाच वाकायचा. मी म्हटलं, दोघांना शेजारी लावू, उद्या कारखान्यातून ड्रिल आणून नवीन हुक बसवतो. बायको म्हणाली, "बाबासाहेबांच्या बाजूला हा चड्डीतला माणूस? शरम नाही वाटत?" खलास. बाबासाहेब हॉलमध्ये आले आणि फ्रेंच माणूस पॅसेजमध्ये गेला, बाथरूमच्या दारासमोर, मीटरच्या डब्याच्या खिट्टीला. तेव्हापासून घरातलं प्रत्येक जण दिवसातून चार-पाच वेळा त्याचं दर्शन घेऊ लागलं. हॉलमध्ये असताना त्याला एवढा मान नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात माझे वडील आले. आम्ही त्यांना बाबूजी म्हणतो, लेक आबा म्हणते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, गावात ते एकटे, म्हणून तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. आल्या आल्या हातपाय धुवायला गेले आणि बराच वेळ परत येईनात. बायकोला वाटलं, दिव्याचं बटण सापडत नसेल. मी जाऊन पाहिलं तर बाबूजी ओले पाय घेऊन पॅसेजमध्ये उभे, त्या फ्रेंच माणसाच्या समोर.

"काहून रे," ते म्हणाले, "हा उतरून काहून उभा हाय? यालेबी उतरवलं का कोणी?"

मी हसलो. मग माझं हसू बंद झालं.

आमच्या गावी बौद्धपुऱ्यातून सडकेला लागायचं तर वाट एकच, आणि ती पाटलाच्या घरासमोरच्या पारावरून जाते. पारावर सकाळ-संध्याकाळ माणसं बसलेली. सगळ्या बौद्धपुऱ्यात पहिली सायकल बाबूजींनी घेतली, तालुक्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायला. रविवारी ती अशी घासायचे की आई म्हणायची, पोरांना कधी इतकं घासलं नाही. पण पार आला की बाबूजी खाली उतरायचे. सायकल हातात, मान खाली, आणि मारुतीच्या देवळापर्यंत पायी. देऊळ मागे पडलं की पुन्हा टांग. बसलेल्या माणसांसमोरून आपण सायकलवर बसून जायचं नाही, असं होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजच नव्हती. पाटलाकडे त्या काळात सायकल नव्हती. एक घोडी होती, तीही लंगडी. मी मागे कॅरिअरवर बसलेला असायचो. बाबूजी उतरले की मलाही उतरावं लागायचं. माझ्या वयाच्या पोरांनी मोठं झाल्यावर हे सगळं मोडीत काढलं, घंट्या वाजवत पारावरून जाऊ लागले. बाबूजी मात्र जिनिंगमधून रिटायर होईपर्यंत उतरतच राहिले. त्या एका गोष्टीवरून माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही.

तर हे बाबूजी हमद टाउनमध्ये आठ दिवसांत कंटाळले. मी शिफ्टला, लेक शाळेत, सून कामात. टीव्हीवर अरबी बातम्या लावून बसायचे आणि निवेदक फार रागात बोलतो म्हणायचे. बायकोने सुचवलं, त्यांना सायकल द्या. आमच्या बिल्डिंगच्या खाली रत्नागिरीकडच्या एका मुसलमान गृहस्थांचं कोल्ड स्टोअर होतं, म्हणजे तिकडचं वाण्याचं दुकान. दूध, खुबूस रोटी, अंडी, फोन कार्ड, सगळं तिथे. सामान पोचवायला त्यांच्याकडे एक भक्कम सायकल होती, संध्याकाळी ती रिकामीच असायची.

"न्या की," ते म्हणाले. "बाबूजींची सायकल समजा. फक्त पुढच्या टोपलीत अंडी असली तर आधी काढून घ्या."

बाबूजींची कळी खुलली. पँटचे पाय चेनमध्ये अडकू नयेत म्हणून ते मोज्यांत खोचायचे, मफलर गुंडाळायचे आणि निघायचे. राउंडअबाउट त्यांना फार आवडले. हमद टाउनमध्ये पत्ताच राउंडअबाउटच्या नंबरावर सांगतात. एकाला पुरे तीन वेढे मारून आलो, कोणी काही बोललं नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. बाथरूमला जाता-येता फ्रेंच माणसालाही रिपोर्ट द्यायचे. "तुई सायकल उंच हाय, पण माई पयते." लेक हसून लोळायची. मीही खूश होतो.

मग एक दिवस कोल्ड स्टोअरवाल्यांनी मला थांबवलं. जरा संकोचूनच म्हणाले, "बाबूजी सायकल घेऊन जातात खरे, पण मागच्या गल्लीत बघावं तर हातात धरून चालतायत. मला वाटलं पंक्चर. ट्यूब बदलली. तरी तेच. मग वाटलं सीट उंच होतेय. सीट खाली केली. तरी तेच. गुडघेबिडघे दुखतात का त्यांचे?"

मला काय ते कळलं. तरी खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी गाडी त्या मागच्या गल्लीत नेली आणि कोपऱ्यावर उभी केली. गल्लीच्या मध्यावर एका घराच्या फाटकाबाहेर लांब बाक होता, त्यावर सतरंजी. पांढऱ्या झग्यातले चार-पाच म्हातारे बहारीनी बसलेले, पायाशी गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास. ते गहवा प्यायचे आणि रस्त्याकडे पाहायचे. समोरून बाबूजी आले. बाकापासून वीस-पंचवीस पावलांवर त्यांनी ब्रेक दाबला, टांग मागून काढली, सायकल हातात धरली. मान खाली. तेच ते. हजारो मैल ओलांडून, समुद्र ओलांडून, पार इथेही आलाच होता, फक्त पिंपळ तेवढा नव्हता.

माझं डोकं असं फिरलं की पुढचं पाहायला मी थांबलोच नाही. गाडी वळवली आणि घरी आलो.

बाबूजी घरी आले, जेवायला बसले, आणि मी सुरू झालो. दर चौदा एप्रिलला इथे आम्ही एखादा हॉल घेऊन जयंती करायचो आणि भाषण माझं ठरलेलं. त्या भाषणात टाळ्या पडणारी जेवढी वाक्यं होती, तेवढी मी एका सत्तरीच्या माणसावर झाडली, तोही भाकरी खात असताना. स्वाभिमान झाला. गुलामाला गुलामीची जाणीव झाली. मग म्हटलं, बाबूजी, इथे कोण पाटील आहे? ती माणसं तुम्हाला ओळखत नाहीत, तुमची जात त्यांना ठाऊक नाही, ठाऊक झाली तरी त्यांना तिचं काय लोणचं घालायचंय! मग कोणासाठी उतरता?

बाबूजी दोनदा म्हणाले, "अरे, पण आयक त खरी." मी कसला ऐकतो. माईक एकदा माझ्या हातात आला की आयोजकांनाही परत मिळत नसे.

शेवटी ते म्हणाले, "बरं बाप्पा. उद्या नाई उतरत."

लेक हे सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "व्हाय डज ही गेट डाउन?" मी सांगायला लागलो. इंग्रजीत ते सांगता येईना, मराठीत सांगितलं तर तिला खरं वाटेना. पाटील, पार, देऊळ. ती म्हणाली, पण सायकल तर आबांचीच होती ना? मी म्हटलं हो. मग ती बाबूजींपाशी गेली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आबा, उद्या नाय उतरायचं. प्रॉमिस."

बाबूजींचा व्हिसा संपायला दोन दिवस राहिले होते. म्हणजे संधी एवढीच. या माणसाने आयुष्यात एकदा तरी बसलेल्या लोकांसमोरून सायकलवर बसून जावं, आणि ते मी डोळ्यांनी पाहावं, याशिवाय मला काही नको होतं. दुसऱ्या दिवशी मी चक्क रजा टाकली. संध्याकाळी लेक आणि मी गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. कोल्ड स्टोअरवाल्यांना सगळी हकिकत सांगितली होती, तेही दुकान भाच्यावर सोडून आले. म्हणाले, आमच्या गावाकडेही असले पाटील कमी नाहीत, यल्ला, चला, बघूया.

बाबूजी निघाले. पाय मोज्यांत खोचलेले, मफलर, आणि त्या दिवशी कधी नव्हे ती मिशी विंचरलेली. खाली गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि वर ताठ मान पाहून लेक माझ्या कानात म्हणाली, "ही लुक्स लाइक द फ्रेंच मॅन."

बाक जवळ आला. बाबूजींचं हँडल डगमगलं. एक पाय पॅडलवरून सुटून लोंबायला लागला. मग तो पाय परत वर गेला. बाबूजींनी घंटी वाजवली, एकदा नाही, सलग, शाळा सुटल्यासारखी, आणि ते बाकासमोरून गेले. बसून. आम्ही तिघांनी आरोळी ठोकली. कोल्ड स्टोअरवाल्यांनी तर शिटी मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि तेव्हा मी बाकाकडे पाहिलं. बाकावर कोणीच बसलेलं नव्हतं. ते सगळे म्हातारे उठून उभे होते. एकाच्या हातात गहव्याची वाटी पुढे केलेली, आणि ती घ्यायला समोर कोणी नाही. सगळ्यांची तोंडं पडलेली. म्हाताऱ्या माणसाला तिकडे मानाने मारतात ती हाक वाटीवाल्याने मारली, "या हज्जी! या हज्जी!" त्याचा एक हात हवेत तसाच.

बाबूजींनी मागे वळून पाहिलं. ब्रेक दाबला. सायकल वळवली.

"बाबूजी, उतरायचं नाही!" मी इकडून ओरडलो. "उतरायचं नाही!"

ते उतरले. सायकल स्टँडला लावली, वाटीवाल्याचा हात दोन्ही हातांत घेतला, वाटी घेतली. एकाने सतरंजी झटकली आणि त्यांना बाकावर मधोमध बसवलं. मग बाकीचे बसले. ना त्यांना मराठी येत होतं ना बाबूजींना अरबी, पण गप्पा जोरात चालल्या होत्या. आम्ही तिघं कोपऱ्यावर उभे. कोल्ड स्टोअरवाले थोड्या वेळाने म्हणाले, "मी जातो बाबा, दुकान आहे." आणि गेले.

बाबूजी आमच्याकडे आले तेव्हा मी तोंड फुगवून होतो. म्हटलं, "उतरलेच ना शेवटी?"

"उतरलो," ते म्हणाले. "पयल्या दिवशी भेऊन उतरलो. माणसं बसलेली दिसली की पाय आपोआप खाली येते, ते खोटं नाई. मान खाली घालून चाललो होतो, अन् पाहतो त काय, सगळे उठून उभे. मले वाटलं, मारतेत. त्याहीनं तो त्याहीचा कडू चहा देल्ला. त्याहीले वाटलं, हा बुढा आपल्याले रामराम कराले उतरला. दुसऱ्या दिवशी भेऊन नाई उतरलो. पाहाले उतरलो. खरंच उठतेत का म्हणून. रोज उठतेत बावा! गावात सारी उमर उतरलो, एक जण हालला नाई. अन् इथं मी उतरलो की पाच पाच जण उठतेत."

"मग काल का नाही सांगितलं?"

"तू सांगू देल्लं का?"

लेक खो खो हसली. मी म्हटलं, मग आज न उतरता का गेले?

"तुयासाठी," बाबूजी म्हणाले. "अन् मलेबी पाहायचं होतं, कसं लागते ते."

"कसं लागलं?"

"चांगलं लागलं," ते म्हणाले. "पण त्या बुढ्याचा चहा वाया गेला असता."

घरी आल्यावर ते फ्रेंच माणसासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला बोलावलं. "हा भेऊन नाई उतरला," म्हणाले. "मानेकडे पाह्य त्याच्या. भेलेल्या माणसाची मान अशी नसते. याच्यासमोर कोणीतरी उठून उभं हाय. चित्रात दिसत नाई तेवढंच." ब्रेकचं माझं तांत्रिक मत त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, हा मले दे. बायको म्हणाली, न्या, पॅसेज तरी मोकळा होईल. मग तिनेच त्याला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, आणि गुंडाळताना त्याच्या चड्डीबद्दल एक शब्द बोलली नाही.

मी उरलेली रजा घेऊन त्यांना पोचवायला गेलो. मुंबईच्या कस्टमवाल्याला चौकटीत सोनं असल्याचा दाट संशय. मागचा पुठ्ठा उघडला, ठोकून पाहिलं, वास घेतला. काही निघेना, तेव्हा वैतागून बाबूजींना म्हणाला, "हा कोण आहे?"

"आमच्यातलाच हाय," बाबूजी म्हणाले.

गावी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबूजींनी त्यांची जुनी सायकल बाहेर काढली. चित्राच्या चौकटीला लावायला खिळे आणि तार आणायची होती. मी म्हटलं, मी चालवतो. ते म्हणाले, मागं बस. बहारीनच्या खाण्याने माझं वजन बरंच वाढलेलं, सायकल कण्हत होती. तसेच आम्ही पाराशी आलो. पारावर माणसं बसलेली. नवी काही, जुनी काही, आणि मध्ये पाटलाचा थोरला, तोही आता म्हातारा. बाबूजी पॅडल मारतच राहिले. मारुतीचं देऊळ समोर दिसायला लागलं.

"काहून बे," पारावरून थोरल्या पाटलाचा आवाज आला, "विदेशात जाऊन आला त उतराचं इसरला का?"

बाबूजींनी ब्रेक दाबला. त्यांनी एक पाय पाराच्या दगडाला टेकवला आणि सीटवर बसूनच त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"इसरलो नाई पाटील," ते म्हणाले. "तुमी उठसान, तव्हा उतरीन."

पारावर कोणी उठलं नाही. बाबूजींनी दगडाला रेटा दिला, घंटी वाजवली, आणि आम्ही देवळावरून पुढे गेलो. मी कॅरिअरवरच बसून होतो.